रंगनाथ खैरनारांची वजाबाकी

पंचवटीत भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक तीन मजली इमारत आहे. तिच्या गच्चीवर रोज सकाळी साडेसातला एक म्हातारा सूर्याकडे पाठ करून उभा राहतो. पाठ करून अशासाठी, की तो सूर्य पाहत नाही, कागदावर उतरवून घेतो. दुर्बिणीचं तोंड सूर्याकडे असतं आणि मागच्या भिंगातून येणारा उजेड पुठ्ठ्यावर लावलेल्या कागदावर पडतो. त्या कागदावर पंधरा सेंटिमीटरचं वर्तुळ आधीच आखलेलं असतं. सूर्याची प्रतिमा त्यात नीट बसली की टोकदार पेन्सिलीनं तिच्यावरचे काळे डाग गिरवायचे, मोजायचे आणि वहीत आकडा टाकायचा. आभाळ असेल तर ‘ढग’ एवढंच लिहायचं. १९८६ सालापासून हे चाललंय. गल्लीतले लोक त्यांना सूर्यवाले काका म्हणतात. ते आदरानं म्हणतात की थट्टेनं, याची चौकशी रंगनाथ खैरनारांनी कधी केली नाही. तेवढी हुशारी त्यांच्यात होती.

मूळ गाव सटाण्याजवळचं. शिक्षण डिप्लोमापर्यंत, आणि मग ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात छत्तीस वर्षं. दुसऱ्यानं बनवलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि बसत नसेल तर परत पाठवायचा. अशा नोकरीत माणसाला मित्र कमीच मिळतात. तिथं त्यांना एक सवय लागली, ती हाडात मुरली. ज्यानं मोजायचं त्या उपकरणावरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही. वर्षातून एकदा ते खात्रीच्या मापाशी ताडून बघायचं, त्याची चूक किती ते लिहून ठेवायचं आणि पुढं वर्षभर प्रत्येक आकड्यातून तेवढी चूक वजा करायची. सवय उत्तम आहे. तिच्यापायी घरात काय झालं, ते सांगतो.

सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांत वाढतात आणि ओसरतात. डाग वाढले की सूर्य किंचित जास्त तापतो, घटले की किंचित कमी. हे काही रंगनाथरावांच्या मनचं नव्हतं, जगभरचे अभ्यासक तेच सांगतात. पण त्या ‘किंचित’वर त्यांनी अख्खा डोलारा उभा केला. हवामान बदलतं ते सूर्यामुळे, धुराड्यांची आणि गाड्यांची काय बिशाद, असं त्यांचं ठाम मत होतं. २००८-०९ साली वहीची पानंच्या पानं कोरी गेली. आठवडेच्या आठवडे सूर्यावर एक ठिपका नाही. रंगनाथरावांना आकाश ठेंगणं झालं. आता बघा, पुढची वीस वर्षं थंडीची, असं त्यांनी वाचनालयातल्या व्याख्यानात छातीठोकपणे सांगितलं. श्रोते चौदा होते. त्यातली एक त्यांची बायको मालनबाई, आणि ती पदरानं वारा घेत बसली होती.

डागांच्या वहीशेजारी तपमानाची वही होती. गच्चीत सावलीला, पट्ट्यापट्ट्यांच्या लाकडी पेटीत, एक पाऱ्याचा थर्मामीटर. त्याच्यावरच्या खुणा दहा अंशांपासून सुरू होत, त्यामुळं तो बर्फात घालून तपासता येत नव्हता. मग खात्रीचं माप आणायचं कुठून? रंगनाथरावांनी ते गावाकडून आणलं. घरच्या मळ्यातली विहीर. तिचं पाणी उन्हाळ्यात गार लागतं, थंडीत कोमट लागतं, पण प्रत्यक्षात बारा महिने सारखंच असतं, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. पहिल्या वर्षी त्यांनी थर्मामीटर पितळी डब्यात ठेवून खोल सोडला, तेव्हा पंचवीस पूर्णांक सहा भरलं. तेच प्रमाण ठरलं. मग दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी जायचं आणि विहिरीत डबा सोडायचा. सटाण्याकडच्या बागलाणात हा सण दिवाळीच्या तोडीचा, त्यामुळं जाणं व्हायचंच.

दहाएक वर्षांनी विहिरीत पंचवीस पूर्णांक नऊ भरलं. रंगनाथरावांनी मान हलवली. काच जुनी झाली की थर्मामीटर चुकायला लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. तीन दशांश वजा. २०१० साली चूक आठ दशांशावर गेली. गेल्या दोन-तीन वर्षांत एक पूर्णांक दोन. दरवर्षी दोष थर्मामीटरच्या माथी बसत गेला आणि दरवर्षी वजाबाकी वाढत गेली. विहिरीवर संशय घ्यायचं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. आईवर कोण संशय घेतो?

या वजाबाकीमुळं वहीतलं नाशिक अडतीस वर्षं तसंच्या तसं राहिलं. बाहेरचं राहिलं नाही. मालनबाईंना ते पहिल्यांदा जाणवलं, कारण गच्चीखालच्या स्वयंपाकघरात दुपारभर त्याच असत.

“अहो, पूर्वी असं व्हायचं नाही,” त्या म्हणायच्या. “भांड्याला हात लावला तर चटका बसतो.”

रंगनाथराव शांतपणे वही उघडायचे. “हे बघ, अठ्ठ्याऐंशीचा मे. हा यंदाचा मे. काही फरक आहे का?”

“मग मलाच का होतंय?”

“वय, मालन. वय झालं तुझं.”

ते कधी ओरडून बोलले नाहीत, हेही सांगायला हवं. समजुतीच्या सुरात, शाळेतल्या मास्तरांसारखं बोलायचे. कूलरचा विषय निघाला की वही. खालच्या मजल्यावरची जागा रिकामी झाली, तेव्हा वही. उन्हाळ्यापुरतं पुण्याला महेशकडे, मुलाकडे जाऊ म्हटलं, तेव्हाही वही. मालनबाई ओलं धुडकं डोक्यावर टाकून फरशीवर आडव्या व्हायच्या आणि वाद थांबायचा. लिहिलेल्या आकड्यापुढं बायकोनं काय बोलावं? २०२३च्या जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, एका दुपारी त्या फरशीवरून उठल्या नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. उन्हाचं नाव कुणी घेतलं नाही, आणि मीही घेणार नाही, कारण ते कुणालाच ठाऊक नाही.

त्यानंतर घरात बोलायला माणूसच उरलं नाही. रंगनाथराव सकाळी सूर्य उतरवत, दुपारी वरण-भाताचा कुकर लावत, संध्याकाळी रामकुंडापर्यंत जाऊन येत. दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे भाजीवाल्याशी. महेशचा फोन रविवारी यायचा. जेवलात का, औषध घेतलंत का, ठेवतो.

दिवाळीत नात आली. आरोही, महेशची मुलगी, पुण्यात संख्याशास्त्र शिकते. तिनं दोन आठवडे मांडी घालून आजोबांच्या सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. आजोबांना इतका आनंद झाला, की ते दोनदा स्वतः जाऊन तिच्यासाठी चिवडा घेऊन आले. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, “आजोबा, तुमचा मूळ आकडा आणि वजा केलेला, दोन्ही टाकलेत. मूळ आकडे वर चढत जातात. वजा केलेले सपाट आहेत.”

“थर्मामीटर चढतोय. हवा नाही.”

“आणि विहीरच चढत असेल तर?”

“विहीर कशी चढेल?” रंगनाथराव हसले. ती हसली नाही आणि वादही घातला नाही. आजीवर गेलीय. एप्रिलमध्ये तिनं कुरियरनं एक नवा थर्मामीटर पाठवला, सोबत प्रयोगशाळेचं शिक्क्याचं प्रमाणपत्र. चिठ्ठीत एकच ओळ होती: आखाजीला दोन्ही एकदम सोडा.

रंगनाथरावांनी ती चिठ्ठी तीन-चार वेळा वाचली. तपासणीतला माणूस, त्यांना अर्थ लगेच कळला. नव्यानं पंचवीस पूर्णांक सहा दाखवलं, तर वही खरी. सव्वीस पूर्णांक आठ दाखवलं, तर जुना थर्मामीटर निर्दोष, विहीर तापलेली, वजाबाकी सगळी खोटी, आणि मालन प्रत्येक उन्हाळ्यात खरं बोलत होती. पुढचे पंधरा दिवस त्यांना झोप धड लागली नाही. पंचवीस पूर्णांक सहाच येऊ दे, असं ते मनात म्हणत राहिले. सूर्यासाठी नव्हे. सूर्याचं काय, तो बघून घेईल.

आखाजी १० मेला होती. निघण्याआधी सकाळी त्यांनी गच्चीवर दुर्बीण लावली आणि पेन्सिल हातातच राहिली. वर्तुळात अंगठ्याच्या नखाएवढा डागांचा पुंजका. अडतीस वर्षांत त्यांनी एवढा मोठा क्वचितच पाहिला होता. ते मालनला हाक मारायला जिन्याकडे वळले आणि परत कागदाकडे आले. मग तो पुंजका त्यांनी एकट्यानंच गिरवला, नेहमीपेक्षा सावकाश. वही मिटून पिशवीत टाकली आणि सटाण्याची एसटी पकडली.

मळ्यात धाकटा भाऊ नाथा वाटच बघत होता. यंदाची आखाजी नेहमीची नव्हती. गेलेल्या माणसांच्या नावानं या दिवशी मातीची घागर पाण्यानं भरून पुजतात, आणि मालनबाई गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी. नवी घागर, खरबूज, आंबे, सांजोऱ्या, सगळं नाथाच्या घरी तयार होतं. पाणी तेवढं विहिरीवरून आणायचं होतं, आणि ते थोरल्या भावानं आणावं असं नाथाचं म्हणणं होतं.

रंगनाथरावांनी आधी डबा काढला. दोन्ही थर्मामीटर शेजारी शेजारी ठेवले, दोर बांधला आणि डबा खोल सोडला. दहा मिनिटं घड्याळ लावून उभे राहिले. काठावर बसून नाथानं तंबाखू मळली. डबा भरल्या पाण्यासकट वर आला. रंगनाथरावांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. जुना सव्वीस पूर्णांक आठ. नवा सव्वीस पूर्णांक आठ.

“काय भरनं?” नाथानं विचारलं.

त्यांनी डबा पुन्हा सोडला, या वेळी आणखी खोल, पार तळाशी. पाणी खाली गेलंय, वरवरचं तापलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. तोच आकडा. तिसऱ्यांदा सोडला. तपासणीत तीन मापं घेतात, त्याहून जास्त मागणाऱ्याला घरी पाठवतात. तिसऱ्यांदाही तोच.

“हिरनं पानी आते पहिलासारखं गार नई शे, भाऊ,” नाथा म्हणाला. “वहिनीबी हाईच म्हने.”

“कधी म्हणाली?”

“दरसाल. आठे उनी का म्हने.”

दरवर्षी, इथं आली की म्हणायची. रंगनाथराव विहिरीच्या काठावर बसले. सूर्यावर ढकलावं म्हटलं, तर तोही मार्ग बंद झाला होता. ज्या वर्षी पानं कोरी होती, सूर्य गप्प होता, त्याही वर्षी वजाबाकी वाढलेलीच होती. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच वहीत. चूक मोजायला निघालेल्या माणसानं बरोबर खरी वाढ शोधून काढली होती आणि वर्षानुवर्षं मान खाली घालून तीच वजा केली होती. त्यांना लाज वाटली. लाजेच्याही खाली काहीतरी जास्त वाईट होतं.

“भाऊ, घागर भर,” नाथा जरा वेळानं म्हणाला. “पूजाले येळ व्हई राहिना.”

त्यांनी घागर भरली. त्याच पाण्यानं, दुसरं होतंच कुठं. घरी नेऊन पाटावर ठेवली, कुंकू लावलं, वर खरबूज ठेवलं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी नाव घेतलं आणि हात जोडलेलेच ठेवले. घरातल्या बायकांना वाटलं, म्हातारा मंत्र म्हणतोय. तो मंत्र नव्हता. तू म्हणत होतीस ते खरं होतं, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

जेवण झाल्यावर ओट्यावर येऊन त्यांनी आरोहीला फोन लावला.

“दोन्ही सारखे,” ते म्हणाले. “सव्वीस पूर्णांक आठ.”

“आजोबा, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे मूळ आकडे आहेत ना, सगळे जपलेले. वजाबाकी काढून टाकली की झालं. तुमचं काम फुकट गेलेलं नाही. उलट असा सलग आकडा फार कमी लोकांकडे असेल.”

“काढून टाक.”

“टाकते. दोन मिनिटांचं काम आहे.”

“आरोही, तुझी आजी उन्हाचं पहिल्यांदा बोलली, ते साल मला आठवतंय. २००५. मी तिला वही दाखवली आणि म्हटलं, तुझं वय झालं.”

“हो, आजी सांगायची.”

“तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती गं.”