सैल तारांचे मिलिंदभाऊ

तापलेल्या वार्निशचा उग्र, गोडसर वास आला की मला अजूनही मिलिंदभाऊंची गिटार ऐकू येते. वाशीमजवळच्या अनसिंगला मी शिक्षिका होते आणि माझ्या भिंतीपलीकडे त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. दुपारी, जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून, वार्निश लावून ती सुकत ठेवली की ते गिटार घेत. एक जड सूर काढत आणि तो फरशीत जिरेपर्यंत थांबत. "घाई कायची, ताई? हा आवाज मरू द्या अगोदर. मंग दुसरा काढू."

समोरचा चहावाला विचारी, "मिल्या, कोनाची मयत हाय रे आज?"

"तुहीच. आयकून घे, मंग आयकाले भेटनार नाही."

त्यांचा गुरू म्हणजे एक कॅसेट. पुण्याच्या कारखान्यात असताना मित्राने भरून दिलेली, सुरुवातीच्या हेवी रॉकची. तिच्याशी सूर जुळावा म्हणून त्यांनी गिटारच्या तारा सैल सोडल्या होत्या. "बायको गेली तवा लय जनं समजावून गेले," ते एकदा म्हणाले, "पन माह्या संगं, माह्या चालीनं चाललं ते हेच."

एका रविवारी मी कौतुकाने तीच गाणी मोबाईलवर शोधून लावली. शब्द तेच, पण सूर चढे आणि चाल भरभर. मिलिंदभाऊंनी शेवटपर्यंत ऐकले. मग कॅसेट वाजवायचा टेपरेकॉर्डर उघडला. आतला रबरी पट्टा सैल पडून लोंबत होता.

"दुनियाच्या मोटारी नीट केल्या म्या," ते म्हणाले, "अन् माह्याच घरची हळू चालून राह्यली होती."

गिटार माळ्यावर गेली. मी विनवले, तुमचे तुम्ही वाजवा. "ते गानं नोतं, ताई. बिघाड होता."

पुढे माझी वाशीमला बदली झाली. दोन वर्षांनी एका लेखात वाचले की त्याच जुन्या हेवी रॉकच्या सर्वांत संथ, काळोख्या गाण्यांतून एक निराळा प्रवाह निघाला. त्याला डूम मेटल म्हणतात, आणि तिथले वादक मुद्दाम तारा सैल करतात, प्रत्येक सूर विझू देतात. मी त्याच दिवशी अनसिंगची बस धरली.

ते दारात खुर्चीवर बसले होते. अर्धांगवायूने तारा दाबणारा डावा हात नेला होता, हे मला कुणी कळवले नव्हते. तरीही मी मोबाईलवर त्यातले एक गाणे लावले. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटे मांडीवर सावकाश ठेका धरत राहिली.

"बिघाड नव्हता तो, भाऊ. लोक मुद्दाम असंच वाजवतात. तुमचंच बरोबर होतं."

त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, मांडीवर ठेवला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"आता?"