डाव्या बाजूचे ओरखडे

खंडेनवमी तोंडावर आली होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुण्याहून पोरांना घेऊन येणार होता. मागच्या खेपेला जाताना त्यानं बजावलं होतं, "गाडीला आता एक जरी नवा ओरखडा दिसला ना, तर सरळ विकून टाकणार." आणि गाडीची डावी बाजू कशी होती? मांजरीनं बोचकारल्यासारखी.

गाडी अण्णांची, आमच्या वडिलांची. आई गेल्यापासून ते माझ्याकडं उस्मानपुऱ्यात राहतात. दर रविवारी गाडी काढायची, देवगाव रंगारीला शेतावर जायचं, वांगी-मेथी डिकीत टाकून परत यायचं, एवढाच त्यांचा आठवडा. ते परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. पण "गाडी गेली की मी नुसता खुर्चीवरचा माणूस," असं ते एकदा म्हणाले होते, ते काही माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

मग ठरवलं, आपणच घासून काढू. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, रबिंग कंपाउंड, मऊ कपडे आणि गाडीच्या रंगाची छोटी बाटली आणली. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मग ओरखड्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर कंपाउंडनं निघतं, अडकलं तर रंग भरावा लागतो. माझं नख मेलं जिथं तिथं अडकत होतं.

अण्णांना मी मागं सायलेन्सरच्या तोंडाशी बसवलं. काळंकुट्ट झालं होतं ते. म्हटलं, इथं काही बिघडायची भीती नाही. आमच्याकडं खंडेनवमीच्या आधी पूजेची पितळी भांडी चिंचेनं घासतात. अण्णांनी तेच केलं. चिंच, मीठ अन् नारळाचा काथ्या. नळी चमकायला लागली, आणि मला काही कळायच्या आत हा माणूस काथ्या घेऊन दाराकडं वळला!

"अण्णा! अहो, काय करताय?"

"काय म्हंजे? लख्ख करतोय."

"रंग आहे तो, घंगाळ नाही!"

दारावर बारीक गोल गोल जाळं उठलं होतं. रडावं की हसावं तेच कळेना. "एवढं कसलं नाजूक ते," असं पुटपुटत अण्णा परत सायलेन्सरपाशी जाऊन बसले. मी चडफडत ते दार कंपाउंडनं घासायला घेतलं. घासता घासता सारखं मनात यायचं, सगळे ओरखडे डावीकडंच कसे? मग स्वतःचीच समजूत घालायची. चालवणारा उजवीकडं बसतो, डावी बाजू लांबची, कुणाचंही होतं.

"कपडा दे गं," अण्णा म्हणाले. मी त्यांच्या डाव्या अंगाला उकिडवी बसून कपडा पुढं धरला. घेईनात.

"अगं दे की! ऐकू येत नाय का?"

कपडा त्यांच्या गालापासून वीतभर लांब होता. मी तो हलवला. हळूच, मग जोरात. अण्णा समोर बघत तसेच बसले होते.

"अण्णा, डाव्या डोळ्यानं दिसतं ना तुम्हाला?"

त्यांनी मान पुरती फिरवली आणि कपडा माझ्या हातातून ओढून घेतला. "लई दिसतं." मग हलक्या आवाजात, "दादाला काय बोलू नको, बाई."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? उरलेला रंग भरला, वॅक्स मारलं. पण प्रत्येक ओरखडा बुजवताना वाटायचं, हा कुठं लागला असेल? खांबाला? रिक्षाला? तिथं कुणी माणूस उभं असतं तर?

खंडेनवमीला दादा आला. गाडीभोवती फिरला, वाकून बघितलं, डाव्या दारावरून हात फिरवला. "क्या बात है, अण्णा! गाडी तर शोरूममधून काढल्यासारखी!" अण्णा चक्क लाजले. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. आणि दादाच म्हणाला, "पोरांनो, बसा. आजोबांबरोबर शेतावर जाऊन या." पोरं ओरडत आत घुसली. धाकटी पुढं बसली, डावीकडच्या सीटवर, काचेला नाक लावून.

अण्णा किल्ली घेऊन निघाले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मी धावत जाऊन त्यांच्या अन् दाराच्या मधे उभी राहिले.

"अण्णा, किल्ली द्या."

"बाजूला हो."

"नाही होणार. पोरं आहेत आत!" माझा आवाज फाटला.

तो ऐकून दादा काही न बोलता जवळ आला आणि अण्णांच्या शेजारी उभा राहिला. अण्णांनी किल्लीकडं बघितलं. मग त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली.

"दादा कुठं गेला?" ते म्हणाले. "बोलाव त्याला. मीच सांगतो."

दादा त्यांच्या डाव्या खांद्याशी उभा होता.