राज्य आलं, बादली आणा

“आलं, आलं, राज्य आलं!” असं ओरडत सर बादली घेऊन धावत सुटायचे. नव्या माणसाला वाटावं, इंदूरच्या आमच्या मल्हारगंजात क्रांतीच झाली. प्रत्यक्षात गाणं वाजवत कचऱ्याची गाडी गल्लीत वळलेली असायची.

सर मी शिकवते त्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत आणि राहत माझ्या समोरच्याच घरात. त्यामुळे मला ते दिवसभर पुरायचे. ‘लोकशाही, साम्राज्य आणि राज्यसंस्था’ हा त्यांचा जीव की प्राण असलेला पेपर. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून. “त्यांनी जन्मभर मुजरे केले, म्हणून मी वाद घालतो,” म्हणायचे, आणि घालायचेही.

एकदा गाडीवाल्याने त्यांच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीतली करवंटी पकडली. “सरजी, ये सूखे में डालो.”

“किसने तय किया, भिया? हमसे पूछा?”

“ऊपर से आदेश है.”

सर हर्षभरित होऊन आमच्याकडे वळले. “ऐकलंत? हे ‘ऊपर’, म्हणजेच राज्य, शोधायला मोठमोठे विद्वान दिल्लीला जातात. आपल्याकडे ते रोज दारात येतं!” मागे गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजू लागले. करवंटी शेवटी सुक्यातच पडली, पण वाद झाल्यावर.

मग एका वर्षी त्यांचा पेपर बंद पडायची वेळ आली. मुलांना त्याच्या जागी कॉम्प्युटर हवा होता. मी प्राचार्यांच्या मागे लागून सरांचा पेपर सक्तीचा करवून घेतला आणि नाचतच त्यांना सांगायला गेले.

“मुलांना विचारलंत का?”

“सर, हात जोडते, विचारू नका!”

“वा मॅडम! लोकशाही शिकवायची आणि वर्ग हुकमाने भरवायचा? मग साम्राज्य काय वाईट होतं?”

झालं! शेवेच्या रिकाम्या डब्याची मतपेटी झाली. बोटाला शाई लावायला सर स्वतः बसले. कॉम्प्युटरच्या बाजूने बोलायला कोणी उठेना, तेव्हा तेही भाषण त्यांनीच केलं, आणि इतकं झकास केलं की माझंसुद्धा मत फिरलं.

सर दणकून हरले. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या. नंतर स्टाफरूममध्ये बराच वेळ चष्मा पुसत बसले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं गाणं वाजलं, पण सरांचं दार उघडलं नाही. आम्ही सगळे बादल्या घेऊन त्या दाराकडे बघत उभे. तेवढ्यात गाडीच्या मागून, बोटाला शाई असलेली चार-पाच पोरं धावत आली. “सर, राज्य आलं!”

सर बनियनवरच बाहेर आले. “अरे, पेपर हरला ना?”

“अल्पमताचेही हक्क असतात, सर!” एक मुलगी म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत.”

त्या दिवसापासून तो वर्ग त्यांच्या ओट्यावर भरू लागला, परीक्षा नाही, हजेरी नाही. सर इतके खूश मी कॉलेजात कधी पाहिले नव्हते.

मागच्या थंडीत सर गेले. आता गाडी येते, आम्ही मुकाट्याने बादल्या रिकाम्या करतो. मला ते फार जड जातं. काल माझ्या बादलीत करवंटी होती.

“मैडम, ये सूखे में.”

मी बादली खाली ठेवली. “किसने तय किया, भिया?”

गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग गाणं बंद केलं, गाडी बंद केली आणि खाली उतरला.

“हां मैडम, बोलो. बहुत दिन हो गए.”