धुतलेला फ्रीज

टॅबलेटवर ‘कंडेम्ड’ टाइप केलं, निखिलची सही घेतली आणि टूल बॅग आवरायला लागले. कंडेम्ड म्हणजे आमच्या धंद्यात दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली वस्तू. आमच्या कंपनीचं शोरूमही आहे, त्यामुळे नवा फ्रीज त्याच दिवशी तीन वाजता येणार होता आणि जुना त्याच ट्रकमधून जाणार होता.

निखिलची आई हात पुसत ओट्यापाशी उभी होती. नागपूरच्या काकू, सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या.

“गेला का गं?”

“गेला काकू. गॅस लीक आहे. दुरुस्तीपेक्षा नवा स्वस्त पडेल.”

“बघ,” त्या मुलाला म्हणाल्या, “मी आले, आठ दिवसांत तुझी नोकरी गेली. आता हा फ्रीज. माझा पायगुणच वाईट. माझं तिकीट अलीकडचं करून दे, बाप्पा. बाळ यायच्या आत मी जाते.”

“आई, प्लीज! काहीतरीच काय?” निखिल म्हणाला.

सून सायली खुर्चीवर बसली होती, आठवा संपत आलेला. ती म्हणाली, “आई, तुम्ही गेलात तर मी एकटी काय करू?” आणि रडायलाच लागली. मला उगाच अपराधी वाटलं. पण पुढचा कॉल साडेबाराचा होता. मी निघाले.

मी अमेरिकेत नेपरव्हिलमध्ये नऊ वर्षं अप्लायन्स टेक्निशियन आहे, घरातली यंत्रं दुरुस्त करते. लोक दार उघडतात आणि माझ्या मागे बघतात, टेक्निशियन कुठंय म्हणून. मीच, बाई, मीच! वडिलांचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. वस्तू फेकायची म्हटलं की माझ्या जिवावर येतं, ते तिथून आलंय. त्यामुळे कंडेम्ड लिहिल्यावर मला तसंही बरं वाटत नाही. पण त्या दिवशी जरा जास्तच टोचत होतं. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, सिग्नलला गाडी थांबलेली, आणि मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेली.

निदान तर बरोबर होतं. फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड नळ्यांची जाळी असते, तिला कॉइल म्हणतात. गॅस पुरेसा असला की सगळ्या कॉइलवर सारखं दव गोठतं. गॅस कमी असला की पहिल्या एकदोन नळ्यांवरच. इथे दोनच नळ्या पांढऱ्या होत्या. वर गरम, खाली गरम, कंप्रेसर चालू. पुस्तकातलं उदाहरण म्हणावं असं. मग हे काय चाललं होतं माझ्या डोक्यात?

पुढचं गिऱ्हाईक एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ. त्यांचा ड्रायर तापत नव्हता. मागे कपड्यांची लव इतकी साठलेली, की उशी भरावी. शिवाय एक मोजा, दोन पेनं आणि कुत्र्याचं बिस्किट. काकांना काडीची लाज नाही. “फाउंड माय पेन!” म्हणून खूश झाले.

मी लव उपसत होते आणि मनात आलं, आपल्यातलं कुणी असं दाखवलं असतं का? माझी आई गॅसवाला येणार म्हटलं की आधी शेगडी घासून लखलखीत करायची. बर्नरमधला कचरा, ज्याच्यासाठी त्याला बोलावलंय, तोसुद्धा साफ! मग तो म्हणायचा, ह्यात तर काहीच नाही वहिनी.

माझा हात थांबला. काकूंच्या फ्रीजमध्ये पाणी भरलेल्या बर्फाच्या ट्रेशिवाय काही नव्हतं. लिंबाच्या साबणाचा वास येत होता. दाराच्या रबरात पाणी होतं. सगळं दिसलं होतं मला, आणि मी त्यावरून पुढे गेले होते!

टॅबलेटवर सायलीची मूळ तक्रार उघडली. ‘फ्रीजर ओके, खालचा भाग गरम.’ फ्रीजर ओके! गॅस गेला तर फ्रीजर कसा ओके राहील? तक्रार वाचायची सोडून मी कॉइल बघत बसले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

बॉसला फोन लावला. रॉब त्याचं नाव.

“रॉब, तो सकाळचा फ्रीज. माझं डायग्नोसिस चुकलंय बहुतेक.”

“बहुतेक? तक्रारीचं तिकीट क्लोज झालंय. ट्रक निघाला.”

“थांबव.”

“बहुतेकवर मी ट्रक थांबवत नाही. तू खात्री कर, मग बोल.”

आमच्या गोडाउनमध्ये जुना फ्रीज उतरला की पहिल्यांदा त्याची वायर कापतात. मग खात्री करून काय लोणचं घालायचं? घड्याळात दोन वीस झालेले. ड्रायर जोडला, काकांना बाय केलं आणि सुटले. शाळा सुटायची वेळ, प्रत्येक कोपऱ्यावर पिवळी बस. बस थांबली की तिच्यामागे सगळ्यांनी थांबायचं. मी एकटीच गाडीत बसून शिव्या देत होते, अर्थात स्वतःलाच.

पोचले तेव्हा फ्रीज ढकलगाडीवर पट्ट्यांनी बांधून दारापर्यंत आला होता.

“टू मिनिट्स!” मी ओरडले. दोघे ड्रायव्हर वैतागून थांबले.

“काकू, सकाळी फ्रीज धुतलात?”

“मग? मेकॅनिक येणार, तसाच घाण दाखवू?”

“बंद करून धुतला?”

“हो तर. शॉक नाही का लागणार? आठ वाजता बंद केला. तू यायच्या जरा आधी लावला.”

म्हणजे मी बघितला तेव्हा तो नुकताच सुरू झाला होता. गार व्हायला लागलेल्या फ्रीजचीही पहिल्या दोन नळ्यांपासूनच सुरुवात होते. मी पट्टी सोडली आणि फ्रीजर उघडला. सकाळी काकूंनी पाणी भरून ठेवलेला बर्फाचा ट्रे काढून ओट्यावर आपटला. टक्कन वाजला. ट्रक येईपर्यंत फ्रीज चालूच होता, आणि पाण्याचा दगडासारखा घट्ट बर्फ झाला होता; म्हणजे गॅस शाबूत होता.

“मग खालचा गरम का होत होता?” निखिलने विचारलं.

तेही सापडलं. खुर्चीच्या पाठीवर प्लास्टिकचे फुलाफुलांचे मॅट धुऊन वाळत घातले होते. काकूंनी नागपूरहून आणलेले, कप्प्यात अंथरायला. फ्रीजरचा मॅट मागे चार बोटं वर चढेल असा कापलेला, काही सांडलं तर मागे जाऊ नये म्हणून. मी तो जागेवर लावून दाखवला. खाली गार हवा जाते ती जाळी बरोब्बर झाकली गेली.

काकूंनी मॅटच्या कडेवरून बोट फिरवलं. “म्हणजे माझ्याच हातानं झालं.”

“हो काकू, तुमच्याच हातानं. आणि चांगला फ्रीज मेलेला ठरवला माझ्या हातानं. ह्यात पायगुण कुठंय? मॅट काढला की झालं. पायगुण काढता येतो का?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मॅटकडे बघितलं. आणि एकदम हसायला लागल्या. “मेला, नागपुरातून बॅगेत वजन करून आणला गं मी हा!” हसता हसता डोळे पुसले. मग सायलीकडे वळून म्हणाल्या, “तिकीट राहू दे गं. आणि पाय खाली सोडून नको बसू, सुजतील.”

सायलीने सासूचा हात घट्ट धरला. मी बॅगेत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

रॉबने मला लेखी वॉर्निंग दिली. मिळायलाच हवी होती. तेव्हापासून आपल्याकडच्या घरचा कॉल असला की आदल्या दिवशी फोन करून सांगते, काही धुऊ नका, आहे तसं दाखवा. हो हो म्हणतात, आणि धुतातच.

दोन महिन्यांनी बारशाला बोलावलं. निखिलला नोकरी अजून लागली नव्हती. त्याबद्दल बोलणं चाललं होतं, पण पायगुणाचा विषय कुणी काढला नाही. काकू बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी पाणी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि राहवेना, फ्रीजर उघडून बघितला. फुलाफुलांचा मॅट होताच. मागच्या बाजूला मात्र कात्रीने जाळीएवढी चौकोनी खिडकी कापली होती.

बाहेरून काकू ओरडल्या, “आता बरोबर आहे ना गं?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं, आणि ह्या वेळी दोनदा बघून म्हटलं.