दोन्हीकडचा छगन

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत भागाबाईची खाणावळ होती. नवरा प्लेगात गेला, तेव्हापासून गाडीवानांना आणि कापसाच्या जिनातल्या मजुरांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करून घालण्यावरच तिचं पोट. बाई तोंडाने फटकळ, पण वाढताना हात कधी आखडला नाही. घरं-जागांची दलाली करणारा छगन रोज तिच्याकडेच जेवायचा. तो तिला अक्का म्हणे, भाऊबीजेला तिच्या पाटावर बसे.

खाणावळीची जागा भाड्याची. एक दिवस मालक येऊन सांगून गेला, "आखाजीच्या आत घर मोकळं करा." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया तर तोंडावर आली होती. भागाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. गिऱ्हाइकाला कळलं तर ते फुटेल, म्हणून ती कोणाजवळ बोलली नाही. बोलली ती एकट्या छगनजवळ. त्याच गल्लीत रतिलाल शेठचं विहिरीचं घर विकायचं होतं.

"तेवढं माले मियाडी दे, भाऊ," ती म्हणाली. हातातल्या पाटल्या मोडल्या तर कुठवर ताणता येईल, तेही तिने त्याला सांगून टाकलं.

"अक्का, मी शे ना," छगन म्हणाला.

छगन शेठकडे जाई आणि मान हलवत परत येई. "आजून थोडं चढावं लागी." ती चढत गेली. अखेर पाटल्या मोडून जेवढं येणार होतं, नेमक्या तेवढ्यावरच शेठ राजी झाला. भागाबाईला वाटलं, देवच पावला. तिने पाटल्या मोडल्या, इसार दिला.

खरेदीच्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर ती निंबाखाली बसली होती. शेठ आत गेला. छगन शेजारी टेकला, बिडी पेटवली.

"अक्का, एक गोठ सांगानी राही गयी. मी शेठनाबी दलाल शे. दोन्हीकडथाईन दलाली लेस मी. धंदाम्हा आसंच ऱ्हास."

भागाबाईने हळूच विचारलं, "आखाजीनी गोठ? पाटल्यास्नी?"

छगन बिडीची राख झटकत राहिला.

"मी तुले जे जे सांगं, ते बठ्ठं तठे गयं?"

तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. मागे फिरावं तर इसार बुडणार आणि आखाजीला भांडीकुंडी रस्त्यावर. ती उठली, आत गेली, अंगठा दिला. बाहेर येऊन छगनची दलाली त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती घेतलीही.

त्याच संध्याकाळी तो नेहमीसारखा जेवायला आला. भागाबाईने पुढे हात केला. "आधी पैसे." सगळी पंगत बघत राहिली. चार दिवसांनी त्याचं येणं बंद झालं.

नव्या घरात खाणावळ चांगली चालली. विहिरीला बारमाही पाणी होतं. पण कोणी आपुलकीने विचारपूस केली की भागाबाई उठून चुलीकडे जाई. सख्ख्या भावालाही तिने पुन्हा मनातलं काही सांगितलं नाही. भाऊबीजेला ती दार लावून घेई.

काही वर्षांनी छगन मेला. त्याची बायको यशोदाबाई तेराव्याचा स्वयंपाक सांगायला आली. "अक्का, त्यास्नी शेवटलोंग तुन्हं नाव काढं," म्हणत ती रडली. भागाबाईने स्वयंपाक करून दिला आणि ठरलेला दर पुरा घेतला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काळीज आहे की दगड! ते तिच्या कानावर आलं. ती उठून चुलीकडे गेली.