कोपऱ्यातली विठा

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहणारी यशोधरा कॉमिक्स काढते. म्हणजे चित्रं तिची. गोष्ट, पगार आणि न मागता सल्ले अंबरनाथचे प्रकाशक नरेंद्र पुरवतात. त्यांचा लाडका हीरो तडितवीर. फुगवलेली छाती, खांद्यावर लाल झगा, आणि प्रत्येक पानावर नुसतं उडणं. यशोधराला त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

पहिल्याच अंकात सोनिवलीच्या एका टॉवरला आग लागते आणि तडितवीर फुंकर मारून ती विझवतो. फुंकर! यशोधराला काही ते पटेना. पानाच्या कोपऱ्यात एक चौकट रिकामी होती. तिथे तिने नगरपालिकेची एक बाई काढली: पदर खोचलेला, हातात लांब लोखंडी चावी, रस्त्यातल्या खड्ड्यात वाकून आगीच्या बंबासाठी पाण्याचा वॉल्व्ह उघडणारी. नाव ठेवलं विठा. नाक मात्र नकळत स्वतःच्या आईचं, गयाबाईंचं उतरलं.

वाचक विचारू लागले, "ती चावीवाली परत कधी येणार?" यशोधराला चेव आला. मग दर अंकात विठा कुठेतरी घुसायचीच. हीरो उडायचा आणि कामं विठा करायची.

शेवटी नरेंद्रांना ते खटकलं. "आपला हीरो कोण आहे, यशोधरा? या बाईने सगळं फुटेज खाल्लंय. पुढच्या अंकात उडवून टाक तिला. तडितवीराच्या मांडीवर जीव सोडेल, तो रडेल, पब्लिक पण रडेल. एकदम फाडू सीन!"

"सर, राहू द्या ना तिला."

"अगं, साइड कॅरेक्टर मरायलाच असतं."

हे मात्र यशोधराच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन तिने मरणाचं पान काढायला घेतलं. तडितवीराचे अश्रू झाले, झगा झाला, पण विठाचे डोळे काही तिला मिटवेनात. आईचं नाक असलेल्या बाईला मारायचं तरी कसं? पेन टाकून ती बाजारात निघाली.

आणि तिथे, जीन्सच्या ढिगाऱ्यावर, विठा लटकत होती. काळ्या टी-शर्टवर, चावी उगारून! कॉपी करणाऱ्याने तर कहर केला होता. तडितवीराचा लाल झगा काढून त्याने विठाच्या खांद्यावर चढवला होता.

"ये कौन है, भाई?"

"चाबीवाली, दीदी. ले लो, आखरी पीस है," सिंधी दुकानदार म्हणाला. "उडनेवाला भी बनाया था. वो अंदर पडा है, पोछा मारने के काम आएगा."

दुसरं कुणी चोरी म्हणून भांडलं असतं. पण यशोधरा उल्हासनगरची. इथे ऐऱ्यागैऱ्याची कॉपी निघत नाही. ज्याची मागणी, त्याचीच निघते. तिला भर रस्त्यात नाचावंसं वाटलं.

टी-शर्ट घेऊन ती थेट अंबरनाथला गेली आणि तो नरेंद्रांच्या टेबलावर पसरला. दुकानदाराचं बोलणंही जसंच्या तसं ऐकवलं, पोछ्यासकट. नरेंद्रांनी टी-शर्ट उचलून उजेडात धरला. मग हळूच म्हणाले, "झगा शोभतोय गं तिला."

"नको सर. वाकताना मध्ये येतो."

नव्या अंकाच्या कव्हरवर विठा पानभर उभी आहे, चावी रोवून, बिनझग्याची. मागे पाण्याच्या रांगेत हंडा घेऊन तडितवीर. कॉमिकचं नावही आता 'विठा'च आहे.

गयाबाईंनी कव्हर डोळ्यांजवळ धरून नीट पाहिलं. "नाक माझंच आहे की गं!" मग तो टी-शर्ट त्यांनी साडीवरूनच चढवला आणि अख्ख्या गल्लीला अंक दाखवून आल्या.