तीस अधिक वीस, चव्वेचाळीस

भीमराज ओव्हाळ तोफखान्यात होता. सरावात तोफ ओढताना ती घसरली आणि त्याचा गुडघा तिच्याखाली गेला. उजवा कान त्याआधीच, रोजच्या धडाक्यांनी, थोडा थोडा करून गेला होता. लष्कराने त्याला घरी पाठवलं तेव्हा वैद्यकीय मंडळाने गुडघ्याचं अपंगत्व तीस टक्के धरलं. कान नोकरीमुळे गेला, हे मात्र मानलं नाही.

नियम असा की पन्नासच्या आतलं अपंगत्व पेन्शनसाठी पन्नास समजायचं आणि पन्नास ते पंच्याहत्तरच्या मधलं पंच्याहत्तर. त्याच्या तिसाचे पन्नास झालेच होते. कानाचे वीस मिळाले की तीस आणि वीस पन्नास, म्हणजे वरची पायरी. त्याने दिल्लीला अपील केलं.

निकाल येईपर्यंत पोट भरायला तो चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून गेटवर उभा राहिला. तिथे ट्रकवाले केबिनमधूनच ओरडून बोलतात. भीमराज कायम डावी बाजू पुढे करून उभा राही. दिल्लीला तो सांगत होता कान गेला, आणि चाकणला भासवत होता कान शाबूत आहे. दोन्ही ठिकाणी त्याचं पोटच बोलत होतं.

एके दुपारी पलटणीतल्या जुन्या सोबत्याचा फोन आला. अपील मंजूर. कानाचे वीस धरले.

भीमराजने गेटवरच बेरीज केली आणि पेढे मागवले. या पट्ट्यात मुलगा झाला, टेम्पो घेतला, कामावर कायम झाला, की गेटवर पेढे वाटतात. न वाटणारा कंजूष ठरतो. वाटले की कशाचे ते सांगावं लागतं.

"कशाचे वो दाजी?" सोबतचा गार्ड सोनबा म्हणाला.

"कान मंजूर झाला राव."

"मंजूर म्हंजे? नवा बसवणार?"

"गेलाय म्हणून मंजूर झाला."

"आन् आमी गेल्या वर्षापास्नं तुमच्या त्या कानात बोलतोय!" सोनबा पोट धरून हसला. ट्रकवालेही हसले, भीमराजही. ठेकेदाराचा माणूस उद्धवराव तिथेच होता. त्याने पेढा खाल्ला, बोटं रुमालाला पुसली.

"अभिनंदन, ओव्हाळ," तो म्हणाला. "पण आता मला समजलंय ना. उद्या मागून ट्रक रिव्हर्स आला आणि तुम्हाला ऐकू नाही आला, तर मी काय सांगू? एक तारखेपासून दुसरा माणूस देतो."

"साहेब, अजून कागद हातात नाही."

"म्हणूनच म्हणतो, कागद यायच्या आत."

कागद आला तेव्हा भीमराज घरीच होता. गुडघा तीस, कान वीस, एकत्रित चव्वेचाळीस. पन्नासच्या आतले, म्हणून पेन्शनसाठी पन्नास. पहिल्यापासून होते तेवढेच.

"सहा टक्के कुणी खाल्ले?" बायको कस्तुरा म्हणाली.

मुलगी दीक्षा पार्टस् तपासायच्या खात्यात कामाला होती. तिने कागद दोनदा वाचला. "कुणी नाही खाल्ले, मम्मी. आमच्याकडं असंच असतं. शंभर नग लावले, पहिल्या मशिनवर तीस रिजेक्ट. दुसरीकडं जातात सत्तरच. तिथले वीस टक्के म्हणजे सत्तरातले, चौदा. तीस आणि चौदा, चव्वेचाळीस."

"म्हणजे कान उरलेल्या माणसाचा धरला," भीमराज म्हणाला.

"हां पप्पा."

"पाठ गेली तर?"

"छप्पन्नातून."

"डोळा?"

"त्यानंतर जे उरंल त्यातून."

"मग शंभर कधी भरायचे?"

दीक्षाने मनात हिशेब करून पाहिला. "नाही भरत. काहीतरी उरतंच."

"तेवढ्यावर कामाला जायचं," कस्तुरा म्हणाली आणि भात वाढायला उठली.

हिशेबात चूक नव्हती, म्हणून भांडायलाही कुणी नव्हतं. दोन महिने त्याने वेगवेगळे ठेकेदार पाहिले. पेढ्यांची गोष्ट त्याच्या आधीच तिथे पोचलेली असे. लोक हसून चहा पाजत आणि नाही म्हणत. आता राजगुरुनगरच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गंजक्या यंत्रांची तो राखण करतो. पगार गेटपेक्षा कमी. तिथे कुणी येत नाही, कुणी हाकही मारत नाही, आणि मालकाने त्याला कानाबद्दल एक शब्द विचारला नाही.